फालोंबेची तूर : मलावीच्या खेड्यात कृषी स्वयंसेवक म्हणून राहताना

माळावरची

मागे या मंचावर तुरीच्या भावावरच्या एका चर्चेत मी 'सध्या मलावीत आहे' असं ओझरतं लिहिलं होतं. तेव्हापासून बऱ्याच जणांचे निरोप आले. तिथे नेमकं काय करतेस, खातेस काय, घरच्यांनी पाठवलं कसं, आम्हाला यायचं असेल तर काय करावं? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी ठिकाण. मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, समुद्रकिनारा नसलेला देश. मी दक्षिणेकडच्या फालोंबे जिल्ह्यात एका खेड्यात राहते. अंगणातून मुलांजेचा डोंगर दिसतो. त्याचं सापित्वा शिखर ३,००२ मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पटींहून थोडं जास्तच. पूर्वेला मोझांबिकची हद्द, उत्तरेला चिल्वा सरोवर. मी मूळची औसा तालुक्यातली, कृषीची पदवी परभणीची. एका संस्थेतर्फे इथे आले. पगार नाही, राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो.

काम तुरीचं. तुरीला इथे नंदोलो म्हणतात. दक्षिण मलावीत मका आणि तूर एकाच वरंब्यावर असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस धरला की मक्याबरोबरच तूर टोकतात. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तूर रानात उभीच राहते आणि जुलै ते सप्टेंबर या काळात काढणीला येते. आपण मृगात पेरून पौषात काढतो, इथला हंगाम त्याच्या बरोबर उलटा. बैल बहुतेकांकडे नाहीत. दरवर्षी पावसाआधी जुना वरंबा फोडून त्याच्या शेजारी नवा ओढायचा, तोही खासूने, म्हणजे रुंद पात्याच्या कुदळीने, हातानेच. दोन वरंब्यांत ७५ सेंटिमीटर अंतर, मक्याचा एकेक दाणा २५ सेंटिमीटरवर. या पद्धतीला शेतकरी 'सासाकावा' म्हणतात, ती इथे आणणाऱ्या जपानी संस्थेच्या नावावरून. बऱ्याच घरांची जमीन अर्धा हेक्टरसुद्धा भरत नाही.

इथला दिवस खराट्याच्या आवाजाने सुरू होतो. पहाटे, अजून नीट दिसतही नसतं, तेव्हाच प्रत्येक घरापुढचं मातीचं अंगण झाडलं जातं. मग हापशावर रांग. मीही बादली घेऊन उभी असते, आणि गावातल्या निम्म्या बातम्या मला तिथेच कळतात. सकाळी फाला, म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज. ऊन चढायच्या आत सायकल काढते आणि त्या दिवशी ज्या गटाची पाळी असेल तिकडे जाते. कुणाच्याही अंगणात शिरताना बाहेरूनच 'ओदी' म्हणून हाक द्यायची, आतून 'ओदीनी' आलं की मगच पाऊल टाकायचं. चटईवर बसायचं. आधी तब्येत, घरातली माणसं, पाऊस, सगळं विचारून झाल्याशिवाय कामाचा शब्द काढायचा नाही. सुरुवातीला यात वेळ जातो असं वाटतं, पण माझं मत असं झालंय की याच बोलण्यात कामाची निम्मी माहिती मिळते. कुणाचा मका संपलाय, कोण दुसऱ्याच्या रानात गान्यूला, म्हणजे अंगावर काम घेऊन मजुरीला जातंय, हे कुठल्याही प्रश्नावलीत कळणार नाही. गावात मयत झालं तर त्या दिवशी सगळी कामं बंद. बैठक ठरलेली असली तरी आम्ही सगळे तिकडेच जातो.

माझं खरं काम काढणीनंतर सुरू होतं. ऑगस्टमध्ये सगळ्यांची तूर एकदम निघते, हातात पैसा नसतो, आणि नेमके त्याच वेळी छोटे व्यापारी आपापला काटा घेऊन दारात येतात. त्यात भुंग्याची भीती. तो शेंगेवरच अंडी घालतो आणि पोत्यात गेल्यावर बाहेर पडतो. दोन महिन्यांत दाण्याला भोकं पडणार हे माहीत असल्यावर माणूस मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो. म्हणून आम्ही तीन पदरी पिशव्या वापरतो. आत जाड प्लास्टिकच्या दोन, बाहेर विणलेलं पोतं. तूर आधी चटईवर खणखणीत वाळवायची, दाताखाली दाणा 'कट्ट' वाजला पाहिजे. आतल्या पिशवीत भरताना हाताने दाबत जायचं, हवा राहू द्यायची नाही. मग तोंड पिळायचं, दुमडायचं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधायचं. दुसरी पिशवी तशीच, शेवटी पोतं. आतल्या किड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि ते मरतात. औषध लागत नाही, गोळी लागत नाही.

डिसेंबरात पहिली पिशवी उघडली तेव्हा गटातल्या सर्वांत वयस्कर आजींनी कोपरापर्यंत हात आत घातला, तळातले दाणे मुठीत काढले आणि एकेक उन्हात धरून पाहिला. भोक नव्हतं. मग त्यांनी मूठ सगळ्यांपुढे फिरवली. मला बोलावंच लागलं नाही. पुढच्या हंगामात पिशव्या आणायला बायका आपणहून वर्गणी काढून आल्या. इथे बचत गटाला 'बँक न्खोंडे' म्हणतात, त्यातूनच पैसे उभे राहिले.

आणखी एक सांगायलाच हवं. इथल्या लोम्वे समाजात जमीन आईकडून लेकीकडे जाते, लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपल्याकडे बायकांनी किती खेटे घातलेत ते मी घरातच पाहिलंय. इथे मामाचा शब्द मोठा असतो, विकायचं कधी आणि पैसा जातो कुठे यावर पुरुषांचा हात असतोच, पण रान बाईचं आहे ही गोष्ट कुणाला पटवून द्यावी लागत नाही. बियाणं कुठलं राखायचं हे त्या ठरवतात, आणि त्यांची निवड मला आजवर चुकीची वाटलेली नाही.

विचारा, जमेल तसं लिहीन. वीज नाही, फोन सौर दिव्यावर चार्ज करते, त्यामुळे उत्तराला उशीर होईल.

काळीभोर

ताई, फार बरं वाटलं वाचून. मी निलंग्याचा, तूर-सोयाबीनवालाच. तिकडे वाण कोणते? आपल्याकडे आम्ही बीडीएन-७११ वर आलोय, कमी दिवसांत निघतो म्हणून. आणि मर रोग, शेंग पोखरणारी अळी यांचं काय करतात?

माळावरची

काळीभोर दादा, इथे म्वायवाथु आलिमी नावाचा मध्यम मुदतीचा वाण लोकांना आवडतो. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या बियाण्यातून निघालेला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं इक्रिसॅट तुम्हाला माहीत आहेच, त्यांचं काम इथल्या राजधानीजवळच्या, लिलाँग्वेजवळच्या चितेद्झे संशोधन केंद्रातही चालतं. मर आहे, शेंगअळीही आहे. फवारणी जवळजवळ कुणी करत नाही, परवडत नाही आणि पंपही नाहीत. तुरीला खतही वेगळं मिळत नाही, मक्याचं जे असेल ते.

मक्यावरची लष्करी अळी मात्र फार छळते. ती इथे २०१६-१७ च्या हंगामात आली, आपल्याकडे २०१८ मध्ये. बायका मक्याच्या पोंग्यात चिमूट चिमूट राख किंवा बारीक वाळू टाकत ओळीने जातात. आपल्या विद्यापीठांनीही पोंग्यात वाळू टाकायला सांगितलं होतं, आठवत असेल.

भुईमूग आणि तूर एकत्र घ्यायची आणि पुढच्या वर्षी त्याच वरंब्यावर मका, हे इथे चांगलं जमतंय. भुईमूग आधी निघतो, तोवर तूर हळूहळू वाढत असते, एकमेकांना अडचण होत नाही. तुरीचा पाला गळून रानातच कुजतो. आणि तुराट्या! इथे सरपण ही मोठी अडचण आहे, डोंगरावरची झाडं तुटत चाललीत. तुराट्यांवर बरेच दिवस चूल पेटते, तेवढ्या दिवसांची बायकांची पायपीट वाचते. मला विचाराल तर दाण्याइतकंच मोल या तुराट्यांना आहे, आणि योजना आखणारे ते धरत नाहीत.

चुलीपाशी

छान लिहिलंयस गं. तू शाकाहारी आहेस का? जेवणाचं सांग ना नीट.

माळावरची

हो, शाकाहारी, आणि इथे अडत नाही. मुख्य जेवण न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. हाताने तोडायचा, बोटांनी दाबून खोलगट करायचा आणि कालवणात बुडवायचा. सोबत पालेभाजी. भोपळ्याचा पाला, मोहरीचा पाला, पावसाळ्यात आपला माठ. पाला शिजत आला की त्यात दाण्याचं कूट घालतात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आईच्या हातचंच वाटलं. भेंडी सोडा घालून बुळबुळीत शिजवतात, ती मला आता आवडते. बाकीच्यांसाठी चिल्वा सरोवरातली सुकी मासळी असते.

जुलैमध्ये ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडतात आणि रस्त्याकडेला विकतात. अगदी आपल्यासारख्याच. कोरडी तूर मात्र अख्खीच शिजवतात, तासन्‌तास. सरपण तिथेच जास्त जातं.

जानेवारी ते मार्च कठीण काळ. घरातला मका संपतो आणि नवा तयार नसतो. बऱ्याच घरांत तेव्हा एकदाच जेवतात. त्या दिवसांत मी कुणाच्या घरी जेवणाच्या वेळेला जात नाही, कारण पाहुणा आला की ते स्वतःचं ताट पुढे करतात.

म्बाझी

मी बरीच वर्षं दार-ए-सलामला आहे. आमच्याकडे तुरीला म्बाझी म्हणतात (माझं इथलं नाव त्यावरूनच!). नारळाच्या दुधात शिजवलेली अख्खी तूर आणि मंदाझी (तळलेला गोडसर पाव) हा इथला सकाळचा नाश्ता. माळावरची ताई, कधी किनाऱ्याकडे आलात तर नक्की या, घर आहे.

सडेतोड

राग मानू नका, पण मला हे पटत नाही. इथे मराठवाड्यात शेतकरी गळफास घेतायत, आणि परभणीला सरकारी पैशावर शिकलेली मुलगी आफ्रिकेतल्या शेतकऱ्याची तूर नीट साठवून देते. तीच तूर मुंबईच्या बंदरात उतरते आणि आमचा भाव पाडते. माझ्या वडिलांनी २०१७ ला खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरमध्ये रात्री काढल्यात. बारदाना नाही म्हणून माप होईना. त्या वर्षीही आयात चालूच होती. तुम्ही नेमक्या कुणासाठी काम करताय?

काळीभोर

सडेतोड, बोलणं कडक आहे पण प्रश्न खोटा नाही. मलाही ताईंचं उत्तर ऐकायचंय.

माळावरची

सडेतोड, राग मानायचं कारण नाही. आमच्या घरचा ट्रॅक्टरही त्याच रांगेत होता. पण २०१७ इथून कसं दिसलं ते ऐका.

२०१५-१६ मध्ये भारतात डाळीचा भाव आभाळाला भिडला तेव्हा मलावी, मोझांबिक, टांझानिया सगळीकडे व्यापाऱ्यांनी सांगितलं, तूर लावा, भारत घेईल. लोकांनी लावली. मग आपल्याकडे २०१६-१७ ला विक्रमी पीक आलं, भाव हमीभावाच्या खाली गेला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. ऑगस्ट म्हणजे इथला ऐन काढणीचा महिना. पेरताना कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या लोकांना ते वर्ष आजही आठवतं. तूर दारात पडून राहिली, काहींनी ती मातीमोल भावाने दिली, काहींनी पुढच्या वर्षी लावलीच नाही.

तुमचे वडील आणि इथला शेतकरी एकाच वर्षी, एकाच पिकात मारले गेले. एकाने दुसऱ्याला मारलं असं मला दिसत नाही. धोरण पेरणीनंतर बदलतं हे दोघांचं दुखणं आहे. २०२१ मध्ये आयात खुली झाली, त्याच वर्षी भारताने मलावीशी करार केला, पाच वर्षं दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा. मोझांबिकशी २ लाख टनांचा केला. भारताच्या एकूण खपापुढे मलावीचा हा आकडा लहान आहे, पण इथल्या शेतकऱ्याला पेरण्याआधी काहीतरी माहीत असतं, एवढा फरक पडला. आपल्या शेतकऱ्यालाही जूनमध्येच कळायला हवं की यंदा किती तूर बाहेरून येणार आहे. ही मागणी मी तुमच्याबरोबर उभी राहून करेन.

साठवणुकीबद्दल म्हणाल, तर उलट विचार करा. सगळी तूर ऑगस्ट-सप्टेंबरात पडेल भावाला सुटली तर ती स्वस्तात जहाजावर चढते. गटाने ती थोडीथोडी विकली तर तो स्वस्त लोंढा येत नाही. शिवाय बरीचशी घरातच खाल्ली जाते, जानेवारीच्या उपासमारीत. तिथे मला संकोच वाटत नाही.

राहिलं मराठवाड्याचं ऋण. ते मान्य आहे, आणि परत येऊन तुरीतच काम करायचंय.

आडतवाला

लातूरच्या मार्केट यार्डात आमची पिढीजात आडत. ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे, थोडी भर घालतो. आफ्रिकेच्या मालाचे भाव यार्डात रोज निघतात : अरुषा, मटवारा, गजरी, मलावी, सुदान. बर्माच्या तुरीचा, म्हणजे 'लेमन'चा, वेगळा. डाळ मिलवाला आपली तूर आणि बाहेरची तूर यांचा हिशोब घालूनच खरेदी करतो. तेव्हा सडेतोड यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, बाहेरच्या मालाचा दाब पडतोच. पण तो दाब बंदरात उतरलेल्या भावाचा असतो. तिकडच्या शेतकऱ्याच्या हातात त्यातले किती पडतात हे मलाही जाणून घ्यायचं होतं.

माळावरची

आडतवाले काका, फार थोडे. गावातला छोटा व्यापारी, मग मोठा, मग लिंबे-ब्लँटायरचा निर्यातदार, मग मोझांबिकमधल्या बेइरा किंवा नाकाला बंदरापर्यंत वाहतूक, मग जहाज. देशाला समुद्र नाही, त्यामुळे वाहतूकच खूप खाते. आणि पहिल्याच पायरीवर काट्याचा घोळ. आमच्या गटाने स्वतःचा काटा घेतल्यापासून व्यापारी दुप्पट नीट वागतात. तेवढी एक गोष्ट कुठल्याही देशात करावी अशी आहे.

सडेतोड

उत्तर वाचलं. पूर्ण पटलं असं नाही म्हणणार, पण २०१७ ची ती बाजू मला माहीत नव्हती. वडिलांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिला विचार, तिकडे कर्जाला सावकार आहे का?

माळावरची

काकांना नमस्कार सांगा. आहे. मका संपल्यावर उसना मका घ्यायचा आणि काढणीला दुपटीने फेडायचा, असा व्यवहार चालतो. म्हणूनच ऑगस्टमध्ये तूर विकायची घाई होते.

डॉ. निर्गुडी

माळावरची, मलेरियाचं काय? आणि जाणाऱ्यांसाठी पीतज्वराच्या लशीबद्दलही लिहा, लोक विसरतात.

माळावरची

डॉक्टर, बरं झालं विचारलंत. मच्छरदाणीशिवाय एक रात्रही नाही. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात, प्रत्येकाला एकच गोळी चालत नाही. ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात बोटातून रक्त तपासून घ्यायचं, घरी वाट पाहत बसायचं नाही. विमान बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं, त्यामुळे भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. ते निघण्याआधीच घेऊन ठेवा. सरोवराच्या संथ पाण्यात उतरू नका, गोगलगायींमधून पसरणारा कृमीचा रोग आहे.

नदीकाठ

२०२३ च्या चक्रीवादळाच्या बातम्या वाचल्या होत्या. तुमच्या भागात?

माळावरची

हो, फ्रेडी. मार्च २०२३. मी त्यानंतर आले, पण खुणा सगळीकडे आहेत. डोंगरावरून धोंडे आणि चिखल खाली आला, काही वस्त्या राहिल्याच नाहीत. १९९१ मध्येही याच जिल्ह्यात असंच झालं होतं. काही रानांवर अजून गुडघाभर वाळू आहे. तिथे मका येत नाही, पण तुरीची मुळं खोल जातात, म्हणून बायकांनी काही पट्ट्यांत तूर लावून पाहिली. सगळीकडे जगली नाही. जिथे वाळूचा थर पातळ होता तिथे धरली. २०२३-२४ ला लगेच एल निनोचा दुष्काळ पडला, सरकारने २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. एवढं सोसून हे लोक नोव्हेंबरात पुन्हा वरंबे ओढून तयार होते.

हापसा

तुमच्या पहिल्या लेखातला हापसा वाचून राहवलं नाही. आपला इंडिया मार्क-२ सोलापूर पंपावरून घडला, आणि त्याआधी जालन्याच्या मिशनऱ्यांनी पंपावर काम केलं होतं. तिकडे कोणता असतो?

माळावरची

आफ्रिदेव. गावातल्या माणसांना स्वतः दुरुस्त करता यावा अशाच बेताने बनवलेला, आणि तो घडवण्याच्या कामात मलावीचाही वाटा आहे. आमच्या हापशाच्या समितीत बायकाच जास्त आहेत. वायसर बदलणं त्या स्वतः करतात, मिस्त्रीची वाट बघत नाहीत.

चुलीपाशी

अख्खी तूर शिजायला तासन्‌तास लागतात म्हणालीस. मग डाळ का करत नाहीत? सरपण वाचेल की.

माळावरची

अगदी हाच विचार मी आता करतेय. गावात चिगायो म्हणजे पिठाची गिरणी आहे, पण ती नुसतं पीठ करते. उखळात हलके ठोके देऊन पाहिलं, साल निघतं पण दाणा फुटून चुरा फार होतो. जातं इथे नाही. डोंगराच्या पायथ्याशी दगड घडवणारा एक कारागीर आहे, त्याला मी चित्र काढून दिलंय, तो तयार आहे. माझ्याकडे मापं नाहीत. कुणाच्या घरी भरडायचं जातं असेल तर तळीचा व्यास, जाडी आणि खुंट्याची जागा मोजून टाकाल का?

काळीभोर

आईचं जातं अजून वापरात आहे, उद्या मोजतो आणि फोटोही टाकतो. आई म्हणते, डाळीसाठी मधल्या खिळ्याला चिंधीची चकती घाला, वरची पाळू, म्हणजे वरचा दगड, किंचित उचलली जाते आणि दाणा चिरडत नाही. तुरीला आदल्या दिवशी तेलपाण्याचा हात लावून झाकून ठेवा, मग कडक ऊन द्या. आणि दगडावर खाचा पाडताना टाकी फार खोल मारू देऊ नका.

माळावरची

आईंना माझा नमस्कार. चकतीचं मला कधीच सुचलं नसतं. गुरुवारी गट जमतोय, तेव्हा हे सगळं त्यांच्यापुढे ठेवते. फोटोत तळीची खालची बाजूही येऊ द्या, कारागिराने तेच विचारलंय.